संस्कार हवेतच, पण माहितीही हवी



गुप्तरोग हा शब्द काढला की आपल्या बायका आधी दार लोटून घेतात. मग ठरलेलं वाक्य येतं, "आपल्या मुलांना याची काय गरज? आपले संस्कार आहेत ना!" हे मला अजिबात पटत नाही.

आपली मुलगी कशी वागेल, ते संस्कार ठरवतील. पण तिचा जोडीदार आधी कसा वागला, ते तिच्या संस्कारांना कसं कळणार? व्रतस्थ राहिलेल्या बाईलाही नवऱ्याकडून आजार होऊ शकतो. क्लॅमिडिया बायकांमध्ये पुष्कळदा काहीच लक्षण दाखवत नाही आणि आतल्या आत गर्भनलिका खराब करू शकतो. पुढे मूल झालं नाही की बोल कोणाला लागतो, ते मी सांगायला नको. सिफिलिसचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही, आपोआप भरतो. आजार मात्र अंगात राहतो आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. पण कळायला तपासणी हवी, आणि तपासणीला जायचं हे सुचायला माहिती हवी.

हे उघडपणे बोलणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे. त्यांची सगळीच मतं मला मान्य नाहीत. पण 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच.

ते जुने दिवस म्हणाल, तर 2007 मध्ये आपल्याच राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. त्याने मुलांचं कुतूहल थांबलं का? ती मोबाईलवर शिकली, अर्धवट आणि चुकीचं.

लग्न जमवताना आपण पत्रिका, पगार, फ्लॅट सगळं बघतो. दोघांच्या रक्ततपासणीचा विषय निघाला की मात्र अपमान वाटतो. मी कॉमर्सची. भागीदारी करताना वह्या बघायला मागितल्या तर कोणी रागावत नाही. मग इथेच राग का? सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं, नाव गुप्त ठेवलं जातं. 1097 या मोफत नंबरवर घरबसल्या विचारता येतं.

सम्यक् ज्ञानाला रत्न म्हणणाऱ्या आपण अज्ञानाला शील समजू नये. नातीला पाळीबद्दल आपण सांगतोच. त्यापुढचंही घरातच सांगा. आणि नातवालाही बसवून सांगा, कारण त्याला तर कोणीच काही सांगत नाही.