घरांतील हुकूमशहा आणि परसांतील भोपळा

कोणाच्या घरीं सहज बसावयास गेलें असतां एक देखावा हल्लीं वारंवार दृष्टीस पडतो. आजोबांनीं कोणत्या खुर्चीवर बसावयाचें, पाहुण्यास चहा कोणत्या पेल्यांतून द्यावयाचा, आईनें आतां बोलावयाचें कीं गप्प राहावयाचें, हें सर्व घरांतील सर्वांत लहान व्यक्ति ठरवीत असते. तिचें वय पांच, फार तर आठ. आईबाप ओशाळून हंसतात. पण त्या हंसण्यांत थोडा अभिमानहि मिसळलेला असतो. "आमच्याकडे हिचेंच राज्य आहे बरें का!" असें सांगतांना त्यांच्या स्वरांत तक्रार अशी नसतेच.

अशा मुलांवर रागावणें सोपें आहे, आणि शिक्षक या नात्यानें मीहि पुष्कळदां रागावलों आहें. परंतु हीं मुलें मंदबुद्धीचीं नसतात, आळशी तर नसतातच. खेळ मांडावयाचा असो, संमेलनाची तयारी असो, पुढें होतात तीं हींच. दुसऱ्यालाहि मन आहे, एवढी एक गोष्ट त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. आणि ती यावी कशी? एके सायंकाळीं मीं आपल्याच घरीं कान देऊन ऐकलें. मुलें शाळेंतून आल्यापासून निजेपर्यंत आम्हां उभयतांच्या तोंडून त्यांस उद्देशून जीं वाक्यें निघालीं, तीं बहुतेक सारीं आज्ञार्थी होतीं: हातपाय धू, दप्तर उचल, दूध पी, पाढे म्हण, तोंड मिटून जेव, नीज. व्याकरणाच्या तासाला आज्ञार्थाचीं उदाहरणें शोधण्यासाठीं मला घराबाहेर जाण्याचें कारणच उरलें नाहीं. मग आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें आपल्या सहा वर्षांच्या भावाशीं दुसऱ्या कोणत्या भाषेंत बोलावें?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं या कन्येस आम्हीं परसांत दोन हात रुंद व चार हात लांब असा एक वाफा तोडून दिला. त्यांत माझा कांहीं थोर हेतु होता असें मी म्हणणार नाहीं. भावाच्या मागें लागलेला तिचा तगादा तासभर तरी थांबावा, एवढेंच मनांत होतें. तिनें लगेच कारभार हातीं घेतला. दोरी लावून घेवड्याचे दाणे सरळ ओळींत पेरले, प्रत्येक दाण्याजवळ एकेक काडी रोंवली, आणि भावाची पाणक्याच्या जागीं नेमणूक केली. तीन दिवसांत अंकुर दिसला पाहिजे असा हुकूम सुटला. तो पाळला न गेल्यामुळें चौथ्या दिवशीं तिनें एकेक दाणा उकरून पाहिला, पुन्हां पुरला, आणि पाणक्यास दुप्पट पाणी घालण्याचें फर्मान दिलें. आठवड्याच्या आंत सारे दाणे कुजले. पाणक्या अर्थातच बडतर्फ झाला.

इकडे कोपऱ्यांत, जेथें स्वयंपाकघरांतील साली व देठ टाकीत असूं, तेथें कोणीं न पेरलेला एक वेल वर आला. पानें पाहतांच तो लाल भोपळ्याचा असल्याचें कळलें. कन्येनें तोहि आपल्या राज्यास जोडला व काठ्यांचा एक मांडव उभारला. वेलाला मांडव पसंत पडला नाहीं. त्यानें शेजारच्या भिंतीची वाट धरली. तिनें शेंडा धरून तो दोनदां मांडवावर आणून ठेवला, आणि तिसऱ्यांदा शेंडा तिच्या हातांत आला. त्या दिवशीं ती फार रडली. मी चार शब्द सांगण्याच्या तयारींतच होतों, पण तिच्या आईनें मला डोळ्यांनीं दटावलें, आणि तें योग्यच केलें. थोड्याच दिवसांत मोडलेल्या शेंड्याच्या मागील पेरांतून दोन नवे फांटे फुटले आणि दोन्ही पुन्हां भिंतीकडेच निघाले!

पुढें फुलें आलीं. मोठालीं, पिवळीं, रोज चारपांच. पण फळ एकहि धरेना. सारीं फुलें गळून पडत. तो आळ भावावर आला. तो बिचारा नोकरींतून सुटल्यापासून रोज सकाळीं तेथें उकिडवा बसून मुंग्या व मधमाशा पाहत असे. तो हळूच म्हणाला, "ताई, या एका फुलाच्या खालीं इवलासा भोपळा आहे. बाकीच्यांच्या खालीं नाहीं." मीं जाऊन पाहिलें तों त्याचें म्हणणें खरें. भोपळ्याच्या वेलाला आधीं बहुधा नरफुलेंच येतात आणि तीं गळतात. मादीफुलें मागाहून येतात, व त्यांच्या देठाशीं फळाचा आकार आरंभापासून असतो. फूल पहाटे उमलतें आणि दुपारपर्यंत मिटतें. तेवढ्या अवकाशांत मधमाशीनें पराग पोंचविला तरच फळ. पावसाची झड लागली म्हणजे माशी येत नाहीं. हें सर्व मीं सांगितल्यावर आमची कन्या भावाकडे वळून म्हणाली, "मग आतां काय करायचें रे?" तिच्या तोंडून त्याला उद्देशून निघालेलें प्रश्नार्थक वाक्य मीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

येथें विल्यम केरी यांची आठवण होते. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापणारे हे मिशनरी हाडाचे माळी होते. बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं मोठी बाग लावली, व कृषि आणि उद्यानविद्येच्या वाढीसाठीं १८२० सालीं कलकत्त्यास एक संस्था स्थापन केली. एकदां इंग्लंडहून आलेली बियांची पिशवी रिकामी केल्यावर त्यांनीं ती सावलीच्या जागीं झटकली. कांहीं दिवसांनीं तेथें डेझीचें लहानसें रोप उगवलें. मायदेश सोडून कित्येक वर्षें लोटलीं होतीं. त्या फुलानें त्यांस झालेला आनंद अवर्णनीय होता. रिकामी पिशवीहि वायां न दवडणाऱ्या या गृहस्थांचे मुलगे मात्र १८०० च्या सुमारास अगदीं बेबंद झाले होते. त्यांच्या सहकारी हॅना मार्शमन यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, पित्यास तें दिसत होतें, त्याचें दुःखहि होत होतें, पण स्वभाव इतका सौम्य कीं उपाय करवत नव्हता. पत्नीचें मन दीर्घ आजारानें बिघडलेलें व डोक्यावर कामाचा डोंगर, हेंहि न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. केरींच्या या दुबळेपणास मी हंसत नाहीं. तो आज आपल्या घरोघरीं आहे. फक्त त्यांच्याएवढें काम आपल्या हातून होत नाहीं.

थोरल्या फेलिक्सला वळण लागलें तें विल्यम वॉर्ड या मुद्रकाच्या सहवासांत. त्यानें मुलाशीं स्नेह जोडला आणि त्याला छापखान्याच्या कामास लावलें. उलटा बसलेला खिळा ओरडून सुलटा होत नाहीं; तो चिमट्यानें काढून पुन्हां बसवावा लागतो. हाच फेलिक्स १८०७ सालीं ब्रह्मदेशांत गेला, आणि पुढें बंगालींत त्यानें शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला.

आईबापांस माझें सांगणें यासंबंधींच आहे. आपण मुलाला "नाहीं" म्हणतों तें बहुधा संतापून. आणि संताप ओसरला कीं तेंच "होय" होतें. मुलाला हा व्यवहार पुरता पाठ असतो. झाडाचा नकार निराळा. त्यांत राग नसतो, आणि रडून तो बदलत नाहीं. ज्यांस परसूं नाहीं त्यांनीं फुटका माठ किंवा रिकामा डबा मातीनें भरून द्यावा. चाळीच्या कठड्यावरहि मेथी येते. मात्र एक लबाडी करूं नये. मुलाचें रोप सुकलें म्हणून तें रडेल या भीतीनें रात्रींतून रोपवाटिकेचें नवें रोप आणून लावणारे आईबाप मीं पाहिले आहेत. त्यापेक्षां डबा न दिलेला बरा.

आमच्या भोपळ्याचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे दोघां भावंडांनीं मिळून नरफुलाचे पराग मादीफुलास लाविले. फळ धरलें, पण भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या आजीबाईंच्या हद्दींत! त्यामुळें आपला भोपळा पाहण्यासाठीं आमच्या हुकूमशहास रोज त्यांच्या दाराशीं उभें राहून "आजी, आंत येऊं का?" असें विचारावें लागे. आजीबाई कधीं ये म्हणत, कधीं पूजा चालली आहे म्हणून थांबवीत. अखेर भोपळा पिकल्यावर त्यांनीं अर्धा ठेवून घेतला, अर्धा आमच्याकडे धाडला, व बिया धुऊन, राख लावून, वाळवून दिल्या. त्या बिया डब्यांत भरून ठेविल्या आहेत. त्यांतून तसाच भोपळा येईल काय, असें मुलें विचारतात. मधमाशी कोणाच्या वेलावरून पराग घेऊन आली असेल हें कोणीं सांगावें?