लठ्ठपणा, उत्पन्न आणि वस्तीची रचना : एम पूर्व विभागासाठी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : गोवंडी, मानखुर्द व देवनार परिसरात लठ्ठपणाला आळा घालण्यासाठी करावयाच्या नागरी सुधारणा

महोदय,

लठ्ठपणा म्हणजे सुखवस्तू माणसांच्या जिभेचे चोचले, ही समजूत दृढ असल्यामुळे नगरनियोजनात त्याचा विचार सहसा होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील शहरी स्त्रियांपैकी सुमारे 33 टक्के, तर ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे 20 टक्के स्त्रियांचा शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, 25 किंवा त्याहून अधिक, म्हणजे अतिवजन वा लठ्ठपणाच्या पातळीवर, आढळला. भारतात आजही संपन्न घरांत हे प्रमाण जास्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे; मात्र श्रीमंत देशांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा भार कमी उत्पन्नाच्या गटांकडे सरकलेला असून मुंबईने त्या वळणाची वाट पाहत बसू नये.

वस्तीचा परिणाम उत्पन्नापासून वेगळा काढता येतो का, याचे उत्तर अमेरिकेतील एका प्रयोगाने दिले. 1994 ते 1998 या काळात शिकागो, न्यूयॉर्क आदी पाच शहरांतील सरकारी घरकुलांत राहणाऱ्या काही कुटुंबांना, सोडत काढून, कमी दारिद्र्याच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याचे साहाय्य देण्यात आले. दहा ते पंधरा वर्षांनी, या संधीमुळे प्रौढांची कमाई फारशी वाढलेली नसतानाही, त्या गटातील स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा व मधुमेह यांचे प्रमाण अशी संधी न मिळालेल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले. वस्ती बदलल्याने शरीराचे आरोग्य बदलत असेल, तर माणसांना न हलवता वस्तीच सुधारणे हे पालिकेचे कर्तव्य ठरते.

2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग तळाशी होता. लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत काही इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर आहे, त्यामुळे मुलांना धावायला आणि स्त्रियांना निर्धास्तपणे चालायला जागा उरत नाही. दुसरीकडे तेल, साखर आणि मैदा यांपासून मिळणारी ऊर्जा फळभाज्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. रोजंदारीवरून दमून आलेल्या माणसाने वडापाववर भूक भागवली, तर त्यात इच्छाशक्तीचा अभाव शोधणे अन्यायाचे आहे.

म्हणून अशी मागणी करण्यात येत आहे की, या विभागातील पालिका शाळांची मैदाने संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी रहिवाशांसाठी खुली करावीत, तेथे दिवे व सुरक्षारक्षक असावेत आणि मुली व स्त्रियांसाठी राखीव वेळ ठरवावी. ही मागणी सर्वांत तातडीची आहे, कारण तिच्यासाठी नवीन भूखंड लागत नाही. खेळासाठी आरक्षित भूखंडांवर वाहने उभी करू देऊ नयेत आणि वसाहतींपासून रेल्वे स्थानकापर्यंतचे पदपथ सलग व चालण्याजोगे करावेत. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार विक्री क्षेत्रे ठरवताना, पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या नगर पथविक्रेता समितीमार्फत, भाजी व फळे विकणाऱ्यांना वसाहतींच्या प्रवेशद्वारांजवळ प्राधान्याने जागा द्यावी. मात्र त्यासाठी कोणत्याही खाद्यविक्रेत्याची उपजीविका हिरावून घेऊ नये. ‘आपला दवाखाना’ केंद्रांत प्रौढांचे वजन व कंबरेचा घेर नियमित नोंदवून, रुग्णांची ओळख उघड न करता, विभागनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत आणि वरील कामांसाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी.

आपले विश्वासू,
एम पूर्व विभागातील रहिवासी