मधली सुट्टी

वर्गात झोपणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी माझे मत फारसे वाईट नाही. वीस वर्षे मराठी शिकवल्यानंतर माणूस एवढे शहाणपण शिकतोच, की झोप हीसुद्धा एक प्रकारची टीका आहे आणि समोरासमोर होणाऱ्या टीकेत इतकी सभ्य टीका दुसरी नाही. घोरणारा तेवढा नको. त्याच्यामुळे इतरांची झोपमोड होते.

पण यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीची झोप मला मुळीच परवडेना. ती ताठ बसून झोपायची. डोळे अर्धे उघडे, मान सरळ, आणि उजव्या हाताची बोटे बाकावर एकसारखी टकटक करीत असायची. ऑगस्टमधल्या एका सकाळी पहिल्याच तासाला मी तिच्या बाकाशी जाऊन जरा मोठ्याने तिचे नाव घेतले. ती दचकून उठली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?"

वर्ग दहा मिनिटे हसत होता. मीही हसलो, हे कबूल करतो. हसली नाही ती एकटीच.

तिचे नाव येथे सांगत नाही. नाव कळण्याचा खरा प्रसंग पुढे महिन्याभराने आला. हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी सहीसाठी माझ्यापुढे आली आणि त्यात पंचाहत्तर टक्क्यांच्या जागी तिच्या नावापुढे बावन्न होते. अशा याद्यांवर आम्ही प्राध्यापक मंडळी मुकाट्याने सह्या करतो. पण ती "नमस्कार" काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून मी तिला बोलावून घेतले.

तिने सांगितलेला दिनक्रम असा. राहायला कल्याणला, कोळसेवाडीत. वडिलांची डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तली नोकरी सुटली, तेव्हापासून ही ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये कामाला जाते. रात्री दहा ते सकाळी सात. मुलींना रात्री न्यायला कंपनीची गाडी येते, पण ती कल्याण-डोंबिवलीतल्या पाच जणींना गोळा करीत जाते, म्हणून ही सव्वाआठलाच दाराशी तयार उभी. सकाळी परतीच्या गाडीची वाट न पाहता ऐरोलीहून लोकलने ठाणे, आणि तेथून थेट सात पन्नासचा माझा तास. कॉलेज आटोपून घरी पोचेपर्यंत साडेबारा. एका खोलीत, खाली शिकवणी आणि समोर मंगल कार्यालय अशा बेताने एक ते सहा झोप.

"मग बोटांची टकटक कसली?" मी विचारले.

"बोलता बोलता टाइप करायचं असतं, सर. फोन ठेवल्यावर त्याला वेळ नाही मिळत."

"आणि मधली सुट्टी?"

हा शब्द तिला आवडलेला दिसला. तिकडे त्याला ब्रेक म्हणतात. नऊ तासांत पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन आणि अर्ध्या तासाचा एक. कागदावर वाईट नाही. आमच्या स्टाफरूममधला चहाही कधी कधी याहून लवकर संपतो. पण खुर्चीतून उठताना संगणकावर एक बटण दाबावे लागते आणि त्या क्षणापासून घड्याळ धावू लागते. लिफ्टची वाट पाहणे त्यात, उपाहारगृहातली रांग त्यात, परत येऊन पासवर्ड घालणे त्यात. सोळावे मिनिट लागले की आकडा लाल होतो, आणि महिन्याचे लाल आकडे मोजून बक्षिसाची रक्कम ठरते. शिवाय ब्रेक कधी घ्यायचा हे आधीच ठरलेले. दोन वाजून पंधराला ब्रेक असेल आणि दोन वाजून चौदाला कोणी चिडलेला गृहस्थ फोनवर आला, तर तो शांत होईपर्यंत ब्रेक गेला.

"सर, गिऱ्हाईक 'तुमच्या साहेबाला फोन द्या' म्हणालं ना, की समजायचं, आज डबा तसाच घरी जाणार."

येथे मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्याच आठवड्यात इंटरनेटच्या बिलावरून मी रात्री साडेअकरा वाजता एका मुलीशी वीस मिनिटे भांडलो होतो. साहेबाला फोन द्या, हे वाक्य मी चार वेळा उच्चारले होते. शुद्ध मराठीत, आणि मोठ्या अभिमानाने.

पाणी प्यायला तरी उठता येते की नाही, असे मी सहज विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी कमीच पिते, सर. पाणी प्यायलं की उठावं लागतं." जुलैत तिला तापाने आठ दिवस झोपवले होते. लघवीचा जंतुसंसर्ग होता. डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्यास आणि अजिबात थांबवून न ठेवण्यास बजावले होते. हे सांगताना तिची मान खाली होती. माझीही. ज्या आठ दिवसांच्या गैरहजेरीमुळे ती यादीत आली होती, ते दिवस तेच.

आता कोणी म्हणेल, कंपनी म्हणजे काय राक्षस आहे? दोन मिनिटे उठल्याने असे काय बिघडते? मीही हेच म्हणत स्टाफरूममध्ये तावातावाने बोलत होतो, तेव्हा आमचे गणिताचे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बिघडतं. पुष्कळ बिघडतं." मग त्यांनी माझ्याच तपासायच्या पेपरच्या पाठीमागे एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाचे सूत्र मांडले. हा एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता आणि टेलिफोनच्या रांगेचे गणित त्याने १९०९ पासून मांडायला घेतले. म्हणजे कॉल सेंटर जन्मण्याच्या कितीतरी आधी त्याची पत्रिका तयार होती.

गणित असे. तासाला १३५ फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी ४ मिनिटे चालतो, असे धरा. फोन घ्यायला १२ माणसे असतील, तर गिऱ्हाईकाला सरासरी २१ सेकंद थांबावे लागते. ११ असतील तर ५२ सेकंद. आणि १० असतील तर २ मिनिटे ४० सेकंद! अकरातली एक मुलगी पाणी प्यायला उठली, की ती परत येईपर्यंत आपण फोनवर तिप्पट वेळ संगीत ऐकत बसतो. म्हणून तिचा टीम लीडर खुर्च्यांमागून येरझाऱ्या घालतो. तो दुष्ट असतो असे नाही. त्याच्याही डोक्यावर एक पडदा लटकलेला असतो आणि त्यावर थांबलेल्या फोनांचा आकडा चढत असतो.

"पण हेच सूत्र उलटं वाचा," गणिताचे सर म्हणाले. "दहा जणांत प्रत्येक जण तासातली चौपन्न मिनिटं बोलतो. बारा जणांत पंचेचाळीस. दोन माणसं जास्त ठेवली, की प्रत्येकाला तासाला पंधरा मिनिटं श्वास घ्यायला मिळतो आणि गिऱ्हाईकही खूश. प्रश्न गणिताचा नाहीच. दोन पगारांचा आहे."

गणिताच्या माणसाने इतके सरळ बोललेले मी प्रथमच ऐकले.

हे सारे मी नौपाड्याला माझ्या मावशीला सांगायला गेलो. मावशी ऐंशीच्या पुढे आहे. १९६० नंतरची कित्येक वर्षे ती मुंबईला ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ज्या वाचकांना ट्रंक कॉल आठवतो त्यांना वेगळे सांगायला नको. बाकीच्यांनी एवढेच समजावे, की परगावी बोलायचे तर आधी नंबर नोंदवायचा आणि फोनला डोळे लावून बसायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर चढते असत आणि तीन मिनिटे झाली की मध्येच ऑपरेटरचा आवाज येई. तो आवाज माझ्या मावशीचा.

मावशीने सगळे ऐकून घेतले आणि तिचा पहिला प्रश्न आला, "रिलीव्हर नाही ठेवत?"

"म्हणजे?"

"अरे, आम्हाला उठायचं असलं की हात वर करायचा. बदलीची मुलगी यायची, आपला हेडफोन काढायच्या आधी ती तिचा लावायची, खुर्ची गरम असतानाच बसायची. मग आपण जायचं. सुपरवायझर खाष्ट होती हो, छातीत धडकी भरायची! पण तिनं कुणाला पाण्यावाचून बसवलं नाही. तीही पूर्वी त्याच खुर्चीत बसलेली होती ना."

मावशीचे वर्णन पूर्ण खरे मानायचे कारण नाही. साठ वर्षांपूर्वीचे बटाटेवडेसुद्धा तिला आजच्यापेक्षा मोठे आठवतात. तिच्या कानात अजूनही मधूनच घंटी वाजते, ते त्या नोकरीचेच देणे. पण बदलीच्या मुलीची खुर्ची सरकारच्या हिशेबात होती, एवढे खरे.

आणि हा हिशेब पहिल्यांदा मागणारा माणूस आमच्या ठाण्यात जन्मलेला, हे मला त्या दिवशी मावशीकडून परत येताना आठवले. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी हवी, आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. अर्धा तास! गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभे राहणाऱ्यांना एवढेच मागावेसे वाटले आणि तेही उद्धटपणाचे ठरले. रविवार मिळाला १८९० साली, १० जूनला. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाने कायद्यात आला. आपण रविवारी मटण आणून दुपारी ताणून देतो, ती लोखंड्यांची कृपा. ठाणे स्टेशनवरून रोज ये-जा करणाऱ्या लाखांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, देव जाणे. मलाही अनेक वर्षे नव्हते, आणि मी तर एम. ए. आहे.

तोच अर्धा तास पुढे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही उतरला. दिवसाला नऊ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांसाठी नवाचे दहा तास करण्यास मान्यता दिली. दहाव्या तासाचे तिला मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "गाडीत बसलेले तास त्यात धरणार का, सर?" मी काय उत्तर देणार?

नोकरी सोडून दे, असे मी तिला एकदाही म्हणालो नाही. घरातली आई म्हणते ते पुरे आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला अमेरिकन लोकांना फसवणाऱ्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हापासून कोळसेवाडीतल्या शेजारणी 'कॉल सेंटर' म्हटले की भुवया उंचावतात. आईला दर वेळी सांगावे लागते, की आमची मुलगी मोबाइलच्या तक्रारी ऐकते, मराठीतून ऐकते आणि कोणाला फसवत नाही. उलट, रात्री तीन वाजता कोणी म्हातारी "बाई गं, माझे पैसे कापले" म्हणत रडू लागली, तर हिचा पाय निघत नाही. चार मिनिटांच्या हिशेबात म्हातारीचे रडणे बसवायचे कसे, हे एर्लांगने लिहून ठेवलेले नाही.

हजेरीच्या समितीपुढे मी तिचा अर्ज नेला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. गणिताच्या सरांनी आकडे पाठवले होते, ते कोणाला कळले नाहीत, पण त्यांचा वचक बसला. एक सभासद म्हणाले, असे एकीला सोडले तर उद्या सगळेच कॉल सेंटरात जातील. शेवटी तोडगा निघाला, की तिने जादा प्रकल्प लिहून द्यावा. विषय मी सुचवला: फोनवरची मराठी.

पंचवीस पाने तिने मला दसऱ्याआधी आणून दिली. मी थक्क झालो. 'काहून' म्हणणारा विदर्भातला, 'कित्याक' म्हणणारी मालवणकडची, हे तर मीही ओळखले असते. पण माणूस कोणत्या जिल्ह्यात रागाने आवाज चढवतो आणि कोणत्या जिल्ह्यात रागावला की एकदम 'आपण' म्हणू लागतो, ते तिने नोंदले आहे. बोलीभाषांवर मी गेली कित्येक वर्षे शिकवतो आहे ते पुस्तकातून. ही रोज रात्री शंभर माणसांच्या तोंडून ऐकते. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. लाल शाई काढली, आणि पुन्हा खिशात ठेवली. लाल आकडे तिला पुरेसे असतात.

दुपारची पाळी मागितली आहे, दिवाळीनंतर बघू असे उत्तर आहे. पाण्याची बाटली मात्र आता ती भरून नेते; मावशीच्या सांगण्यावरून शेजारच्या खुर्चीतल्या मुलीशी तिने करार केला आहे. एकीने उठायचे तेव्हा दुसरीने ब्रेक मागायचा नाही. लाल आकडे थोडे कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पाळी आहे. दहा ते सात, मोठा ब्रेक पावणेदोनला. हे ऐकल्यापासून आमच्या घरात फराळाचा एक डबा जास्त भरायचे ठरले आहे. परवा सौ.ने मला विचारायला लावले, की चकल्या जास्त घालू का.

"चकली नको, सर," ती म्हणाली. "चकली खात बसावी लागते. बेसनाचा लाडू द्यायला सांगा. लाडू लिफ्टमध्येच संपतो."