अडीनडीचे विद्युत्केंद्र

न्यू यॉर्क विद्यापीठाने २०११ साली वॉशिंग्टन चौकाजवळ, मर्सर रस्त्याच्या पोटात, नैसर्गिक वायूवर चालणारे एक लहानसे विद्युत्केंद्र सुरू केले. क्षमता अवघी १३.४ मेगावॅट. त्यावर विद्यापीठाच्या २२ इमारतींना वीज मिळते. आणि एरवी धुरांड्यावाटे वाया जाणारी उष्णता ३७ इमारतींना ऊब देते.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाने समुद्र शहरात आणला. चौदाव्या रस्त्यालगतच्या वीज उपकेंद्रात स्फोट झाला व दक्षिण मॅनहॅटन सुमारे चार दिवस अंधारात बुडाले. विद्यापीठाचे केंद्र मात्र शहराच्या जाळ्यापासून अलग होऊन चालूच राहिले. त्याच रात्री, दीड-दोन मैलांवर, त्याच विद्यापीठाच्या लँगोन रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले आणि आणीबाणीची जनित्रे बंद पडली. तीनशेहून अधिक रुग्ण हलवावे लागले. परिचारिकांनी नवजात अर्भकांना हाताने श्वास देत अंधाऱ्या जिन्यावरून खाली आणले.

रुग्णालय नदीकाठी होते, हे खरे. पण एवढ्याने विषय संपत नाही. राखीव जनित्र चालते ते चाचणीपुरते. त्याचा पंप कोठे बसविला आहे, तो पाण्याखाली जाईल काय, हे कळावयाचे ते नेमके संकटाच्या रात्री! जे यंत्र रोज वर्गांना वीज पुरविते त्याचा बिघाड रोज सापडतो, रोज दुरुस्त होतो. शिवाय ते आपला खर्च बऱ्याच अंशी स्वतःच भागविते. राखीव व्यवस्था ही नित्याच्या कामास जुंपलेली असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वायूवर विसंबणे निर्धोक आहे, असे मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससच्या थंडीत वायूच्या विहिरीच गोठल्या आणि मोठमोठी विद्युत्केंद्रे थंडावली. कार्बनच्या उत्सर्जनाचा आक्षेपही रास्त आहे. खुद्द न्यू यॉर्क शहरानेच २०१९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींवर त्याची मर्यादा घातली आहे. उद्या वायूची जागा सूर्यशक्ती व विद्युत्संचय घेवोत. संकटकाळी अलग होऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरज त्याने कमी होत नाही.

मुंबईकरांस १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवत असेल. राज्याच्या जाळ्यापासून अलग होण्याची जी व्यवस्था या शहराचे भूषण मानली जाई, ती त्या दिवशी टिकली नाही. आपल्या विद्यापीठांच्या मागील अंगणात डिझेलची जनित्रे ताडपत्रीखाली उभी असतात आणि निविदा मंजूर झाली की त्यांची चिंता मिटली, असे मानण्याची आपली रीत आहे. कुलगुरूंनी निदान एवढे करावे : पूर्वसूचना देऊन, प्रयोगशाळा चालू असताना, भर दुपारी बाहेरची वीज एकदा तोडून पाहावी, आणि दिवे किती मिनिटांनी लागले, शीतकपाटांतील नमुने टिकले की नाही, याची नोंद अधिसभेपुढे ठेवावी.