आमचा उंदीर, त्यांचा हात

माणसाच्या तीन वस्तू त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने हलवू नयेत. त्याचा चष्मा, त्याची उशी आणि त्याच्या संगणकाची सेटिंग्ज. पहिल्या दोन सगळं जग मानतं. तिसरी मात्र दूर कुठल्याशा शहरात बसून बँकेच्या शाखांचे संगणक दुरुस्त करणाऱ्या मंडळींना कुणी सांगितलेली दिसत नाही. ते काम आज मी करणार आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी आमच्या कामठीच्या शाखेतला संगणक रुसला की नागपूरहून माणूस यायचा. आता माणूस येत नाही, त्याचा हात तेवढा येतो. फोनवर तो आपल्याला पडद्यावरचा आकडा विचारतो, आपण सांगतो. 'परवानगी द्या' म्हणतो, आपण देतो. मग पडद्यावरचा बाण प्लँचेटच्या वाटीसारखा आपोआप फिरू लागतो. आमच्या शिपाईकाकांनी हे प्रथम पाहिलं तेव्हा "अरे बाप्पा!" म्हणून दोन पावलं मागे घेतली होती. मीही आत्म्याला काही विचारायचं आहे का, अशा चेहऱ्याने हात जोडून बसतो.

आत्मा आधी कीबोर्डात शिरतो. आपण कळ दाबली की पलीकडे अक्षर जातं असा भाबड्या माणसाचा समज असतो. बऱ्याचदा जातो तो फक्त त्या कळेचा क्रमांक. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे जिथे तो पोचतो तो संगणक ठरवतो. आमचा संगणक असतो मराठीत. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली ठरवलेल्या इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात. साहेब तिकडे इंग्रजीत 'हेल्प' टाइप करतात, इकडे उमटतं 'पातज'. 'ओके' केलं की 'दक' होतं. आणि 'बँक' लिहिलं की 'वोलक'. वीस वर्षं मी वोलकेत नोकरी करतो आहे हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हा तेलुगूत लिहून राहिला का?"

यावर उपाय साधा आहे. एक कळ-जोडी दाबून तेवढ्यापुरती भाषा बदलायची आणि जाताना पूर्ववत करायची. पण दूरस्थ साहेबांना अर्धे उपाय आवडत नाहीत. ते मराठी कीबोर्ड यादीतूनच काढून टाकतात. त्यांचं काम पाच मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी विणकर किंवा विडी कामगार बाई वारसाच्या कागदासाठी समोर उभी राहते, तेव्हा मराठीत दोन ओळी लिहून देण्यासाठी मला आधी मराठी शोधावी लागते. महाराष्ट्रात!

मग उंदीर. आमच्या मॅडम डावखुऱ्या आहेत. त्यांनी माउसची दोन्ही बटणं उलटी करून घेतली आहेत. साहेबांनी तिकडून डावं बटण दाबलं की इथे उजव्याचा परिणाम होतो आणि नको ती यादी उघडते. चार यादी उघडल्या की साहेब चिडतात आणि बटणं 'सरळ' करतात. सरळ म्हणजे त्यांना सरळ. मॅडमचा आख्खा दिवस मग उलटा जातो.

आणि पडदा! मी चाळिशीत आहे आणि चाळिशी माझ्या नाकावर आहे. पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतली नाहीत तर मला शून्य आणि आठ यांत फरक दिसत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असतो. साहेबांची नजर तरुण आणि पडदा मोठा, त्यामुळे त्यांना सगळं मुंगीएवढं चालतं. जाताना ते मुंग्या आमच्यासाठी ठेवून जातात.

आता तुम्ही म्हणाल, त्या पोराची बाजूही ऐका. ऐकली. त्याच्यामागे कित्येक शाखा, प्रत्येक शाखेचा कीबोर्ड वेगळा, त्यात इंटरनेट कण्हत चाललेलं. त्याच्यामुळे आमची रांग दोन दिवस खोळंबत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण सोय ही असभ्यपणाची सबब होऊ शकत नाही. त्यातून सभ्य वागण्याची सोय यंत्र बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली आहे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये जोडणी करण्याआधीच विचारलेलं असतं: पडदा केवढा हवा? खास कळ-जोड्या कुणाला लागू करायच्या, तुमच्या यंत्राला की पलीकडच्या? जो आकार निवडाल तो तुमच्या बैठकीपुरता. मदतीच्या इतर साधनांतही पलीकडचा पडदा आपल्या खिडकीत मावेल एवढा आखडून पाहता येतो. म्हणजे बदल स्वतःकडे करायची सोय असताना हे लोक आमच्याकडे करतात.

कामठीला दुरून चालवलेला कारभार नवा नाही. आमचं गावच त्यातून जन्माला आलं. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, गादीवर अल्पवयीन रघुजी तिसरे बसले आणि त्यांच्या नावाने कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स बघू लागला. १८२१ साली नागपूरपासून दहाएक मैलांवर, कन्हान नदीकाठी, कंपनीने छावणी टाकली. तीच कामठी. पुढे कारभार राजाकडे परत गेला, पण छावणी इथेच राहिली. १८५३ साली रघुजी निपुत्रिक वारले आणि राज्यच खालसा झालं. मदतीला आलेल्या माणसाने जाताना दार उघडं ठेवलं की पुढे काय होतं, हे शिकायला आम्हा कामठीकरांना तरी संगणकाचं प्रशिक्षण लागू नये.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्रात एकीकडे नावे टाकलं की दुसरीकडे जमा करावंच लागतं, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. तुम्ही भाषा बदललीत, ती नावे पडली. परत केलीत की जमा. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि दोघांनी समोर उभं राहून ती उघडायची असते. तिच्यापेक्षा जास्त पैसा ज्या यंत्रातून रोज जातो ते मात्र एक अनोळखी आवाज उघडतो आणि त्याने आत काय हलवलं याची नोंद आमच्या कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

इथे माझ्या चेष्टेला जरा लगाम घालतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता. भामटे ग्राहकाला एनीडेस्क हे अ‍ॅप घ्यायला लावतात, त्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक विचारून घेतात आणि फोन त्यांच्या ताब्यात गेला की खातं रिकामं करतात. तेव्हापासून आम्ही पेन्शनीला आलेल्या म्हाताऱ्या जवानांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो, "काका, फोनवर कुणालाही आकडा सांगू नका." आणि तेच काका काउंटरपलीकडून बघतात की मी फोनवर कुणाला तरी आकडा सांगतो आहे, हात जोडून बसलो आहे आणि बाण फिरतो आहे. त्यांनी माझं ऐकावं की माझं बघावं? त्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे, आणि आम्ही त्यांना रोज चुकीचा धडा मोफत देतो आहोत.

म्हणून मागण्या थोड्याच आहेत. येणाऱ्याने आधी नाव आणि तक्रार क्रमांक सांगावा, आणि आम्ही तो पडताळल्याशिवाय आकडा देऊ नये. काय बदलणार ते बदलण्याआधी बोलावं. भाषा, बटणं आणि अक्षरांचा आकार जसा होता तसा करून जावं. जाताना 'जातो' म्हणावं, जोडणी आमच्या डोळ्यांदेखत तुटावी आणि दोन ओळींची नोंद रजिस्टरात व्हावी.

हे जमत नसेल तर गाडी पकडून प्रत्यक्ष यावं. आम्ही चहा पाजू, पंख्याखालची खुर्ची देऊ. फक्त उठताना त्या खुर्चीची उंची होती तेवढी करून उठावं.