भाचरांची मुंबई

दिवाळीची सुट्टी लागली की घरात रिकामटेकडं कोण दिसतं? आपणच. मग सांगलीहून ताईचा फोन येतो, ‘मुलांना मुंबई दाखवायचीय, प्लॅन तूच कर गं.’ गेल्या वर्षी मी चक्क एक्सेल शीट बनवली. एका दिवसात गेटवे, म्युझियम, राणीची बाग, नेहरू सायन्स सेंटर आणि संध्याकाळी चौपाटी. रील्समध्ये होतं ना सगळं!

गेटवेलाच चार वर्षांची भाची ताईच्या खांद्यावर झोपली. सात वर्षांच्या भाच्याला शू लागली. पुढे दिवसभर ताईने मुंबईत काय पाहिलं? स्वच्छतागृहाच्या पाट्या. प्लॅन माझा, हमाली तिची. त्यात तो बुधवार. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे मला भायखळ्याला गेटसमोर उभं राहून कळलं. शीटमध्ये तेवढा एक रकाना नव्हता.

तुमच्यावर हे काम आलं, तर निम्मी यादी आधीच खोडा. खरं तर दिवसाला एकच ठिकाण पुरे. लोकल पकडायची ती ऑफिसची गर्दी ओसरल्यावर. दुपारी घरी या, झोपू द्या मुलांना. आणि धाकटं पिल्लू तुमच्या कडेवर, ताईच्या नाही. सुट्टी तिचीही असते हो!

पेंग्विन हुकले म्हणून मी ओशाळले होते. भाची मात्र अजून फोनवर एकच विचारते, ‘मावशी, त्या डबल डेकरची वरची पुढची सीट परत मिळेल?’