डिस्क बर्न झाली, पण वाचता येतेय का?

आजच्या काळात डिस्क बर्न करायच्या सॉफ्टवेअरवर कुणी लिहितं का? मी लिहितोय :-) कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. मावशीला जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग डिस्कवर हवं होतं. एका वकील मित्राला कोर्टात फुटेज द्यायचं होतं. आणि ऑफिसातल्या एकाला घरचे वीस वर्षांचे फोटो क्लाउडशिवाय आणखी कुठेतरी ठेवायचे होते. तिघांचाही सूर एकच: "चांगलं सॉफ्टवेअर कुठलं रे? नीरो अजून मिळतं का?"

नीरोचं नाव निघणं साहजिक आहे. आम्ही शाळेत असताना कॉम्प्युटर असलेल्या बहुतेक घरांत ते होतंच, कधी ड्राइव्हबरोबर आलेलं, कधी कुणाच्या तरी दादाकडून 'की'सकट आलेलं. १९९७ साली जर्मनीतल्या अहेड नावाच्या कंपनीने ते काढलं, आणि नीरो बर्निंग रॉम हा सरळसरळ शाब्दिक विनोद आहे. रोम जळत असतानाचा नीरो, आणि जर्मनमध्ये रोम शहराला म्हणतातच 'रोम', तसंच लिहायचं, रॉमसारखं. आयकॉनमध्ये मात्र पेटलेलं कलोसियम. ते नीरोच्या मृत्यूनंतर बांधलं गेलं, पण असो, आयकॉन छान होता.

पुढे मात्र नीरोचं चहापेक्षा किटली गरम झालं. बर्न करायला म्हणून घ्यायचं आणि बरोबर व्हिडिओ एडिटर, प्लेयर, बॅकअप, फोटोचा अल्बम असं सगळं बिऱ्हाड यायचं. तेव्हापासून आपल्याला सवय लागली ती सॉफ्टवेअर फीचर मोजून निवडायची. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामासाठी ती मोजणी चुकीची आहे. दोनच प्रश्न विचारा. लिहिलेलं परत वाचून ते मूळ फाइलशी ताडून बघतं का? आणि हे सॉफ्टवेअर ज्याच्याकडे नाही, त्याला ती डिस्क उघडता येते का? बाकी थीम, कव्हर डिझायनर वगैरे शोभेचं.

पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा. 'बर्न यशस्वी' असा संदेश आला की आपण डिस्क काढतो, मार्करने नाव लिहितो आणि कपाटात टाकतो. पण त्या संदेशाचा अर्थ इतकाच, की ड्राइव्हने डेटा घेतला आणि वाटेत कुरकुर केली नाही. लेझरने डायवर उमटवलेल्या खुणा परत वाचता येतात की नाही, हे परत वाचल्याशिवाय कळायला मार्गच नाही. डिस्क कोरी असतानाच त्यात दोष असू शकतो, ड्राइव्हची लेन्स धुळीने भरलेली असू शकते. पडताळणीला बर्नइतकाच वेळ लागतो, म्हणजे आठ एक्सने भरलेल्या डीव्हीडीला आणखी आठ-दहा मिनिटं. एवढ्यासाठी लोक ती टिक काढून टाकतात! कोडचा टेस्ट रन 'वेळ नाही' म्हणून वगळणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो, ते आठवा. शिवाय शक्य असेल तर ती डिस्क दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्येही उघडून बघा. ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं, तर तो स्वतःचं अक्षर वाचणारच.

दुसऱ्या प्रश्नाला इतिहास आहे. डायरेक्टसीडी, इनसीडी ही नावं आठवतायत? सीडीवर फ्लॉपीसारख्या फाइली ओढून टाकायची सोय. घरी झकास चालायचं, आणि दुसरीकडे डिस्क घातली की तिथे त्याचा ड्रायव्हर नसला तर काहीच दिसायचं नाही. तीच कल्पना व्हिस्टापासून विंडोजच्या आत येऊन बसली आहे. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? घाईत आपण पहिलाच पर्याय घेतो. त्यात फाइली लगेच लिहिल्या जातात, पण शेवटी सत्र बंद करायचं राहिलं तर हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, डिस्क इतर मशीनवर उघडेलच याचा भरवसा नाही. जपून ठेवायच्या किंवा दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी नेहमी दुसरा पर्याय.

वकील मित्राला मी हेच सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबरच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो. म्हणजे डिस्कवरची फाइल बिट न् बिट तीच हवी, आणि ती पलीकडच्या टेबलावरच्या कुठल्याही जुन्या मशीनवर उघडायला हवी. फीचर काय करायचीत तिथे?

मग घ्यायचं कुठलं? विंडोजवर माझं मत इमबर्नला. २००५ पासूनचं, फुकट, दिसायला रुक्ष, पण पडताळणीची टिक मुळातच लावलेली. शेवटची आवृत्ती २.५.८.०, ती २०१३ सालची. इतकं जुनं कशाला, असं कुणीही विचारेल. डीव्हीडीचं स्टँडर्ड बदललेलं नाही, त्यामुळे जुनं असणं इथे दोष नाही. दोष वेगळाच आहे: त्या इन्स्टॉलरबरोबर ओपनकँडी नावाचं जाहिरातवालं पार्सल यायचं. त्यामुळे कुठून उतरवताय ते बघा, अँटीव्हायरसने तपासा, आणि 'नेक्स्ट नेक्स्ट' न करता प्रत्येक खिडकी वाचा. दुसरा पर्याय म्हणजे सीडीबर्नरएक्सपी. नावावर जाऊ नका, ते एक्सपीनंतरच्या विंडोजवरही चालतं, आणि पडताळणी त्यातही आहे.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर? विंडोज ७ पासून आयएसओ फाइल बर्न करायची छोटी खिडकी आतच आहे, आणि तिच्यात पडताळणीची चौकट आहे. गंमत म्हणजे एक्सप्लोररमध्ये फाइली ओढून बर्न करायच्या विझार्डमध्ये ती चौकट नाही. म्हणजे ज्या वाटेने सामान्य माणूस जाणार, तिथेच पाटी लावलेली नाही.

मराठी फाइलनावं देणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुन्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'पंच्याहत्तरी' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, संगणकाला बारा. 'आजीची पंच्याहत्तरी' असं सुरू करून गाव, तारीख, सगळ्या नातेवाइकांची नावं घालत गेलात तर शेपटी तुटणार. यूडीएफ निवडा किंवा नावं आटोपशीर ठेवा. आणि ४.७ जीबीची डीव्हीडी कॉम्प्युटरच्या हिशोबात साधारण ४.३८ जीबीच असते, त्यामुळे साडेचार जीबीचा फोल्डर बसत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका.

मावशीचं प्रकरण मात्र निराळं होतं. टीव्हीखालच्या जुन्या प्लेयरवर बघायचं, तर एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकून बहुतेक वेळा भागत नाही. त्या प्लेयरला एमपीईजी-२ मधला व्हिडिओ ठरलेल्या फोल्डरमध्ये लागतो. हे काम बर्नरचं नाही, डीव्हीडीस्टायलरसारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरचं. ते फुकट आहे, आणि मेनूही बनवून देतं. मावशीला मेनूत मंगलाष्टकांचं वेगळं बटण हवं होतं :-)

"पण डिस्क कशाला, क्लाउड आहे ना!" हे ऑफिसातल्या मित्राला सगळ्यांनी ऐकवलं. आहे ना. पण क्लाउडचं खातं एकाच्या नावावर असतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि भाडं दर महिन्याला. एकदा लिहून बंद केलेली डीव्हीडी-आर कुठलंही रॅन्समवेअर बदलू शकत नाही, आणि घरातल्या कुणालाही ती लॉगिनशिवाय उघडता येते. डिस्क एकटीच्या जिवावर कुणी राहू नये, ती दुसरी किंवा तिसरी प्रत. आणि हे ज्यांना पटतंय त्यांनी फार रेंगाळू नये. आपल्याकडे कोऱ्या डिस्क म्हणजे मोजर बेअर, हे समीकरण होतं. ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं.

लिनक्सवाल्यांनो, तुम्हाला विसरलो नाही. के३बी टाका, सेटिंगमध्ये 'लिहिलेला डेटा पडताळा'ची टिक लावा, झालं.